बिनदुधाचा केक

"काटा बरोबर आहे ना?" असं कंपाउंडरला विचारून डॉक्टरांनी आत्तीला वजनकाट्यावरून उतरवलं आणि पुन्हा उभं केलं.

काटा बरोबर होता. छत्तीस किलो. लुगड्यासकट.

आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्या शिरोळ-जयसिंगपूरकडे सासूला आत्तीच म्हणतात. नाव सोनाबाई बिरनाळे, वय एकसष्ट. विषमज्वरातून उठून तिला दीड महिना झाला होता, पण उठली म्हणजे फक्त ताप उतरला होता. सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, कॉटवरून परसात जायचं तरी तिला वाटेत दोनदा टेकावं लागायचं.

डॉक्टर नवे होते, नागपूरकडचे. त्यांनी चिठ्ठी लिहिता लिहिता सांगितलं, "आजी, रोज दोन अंडी सुरू करा. उकडून."

कंपाउंडर आमच्याच गल्लीतला. त्याला एकदम खोकला आला. मी म्हणाले, "डॉक्टर, आम्ही जैन आहोत."

"अरे हो, सॉरी. मग दूध. अर्धा लिटर तरी."

"दूध सोडलंय," आत्ती म्हणाली.

"तूप?"

"त्ये बी."

"दही, ताक?"

"दुधातनं जे जे येतंय ते समदं सोडलंय, डाक्टर. न्येम हाय माझा. म्हाराजांच्या म्होरं घेतलाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही जगणार कशावर?"

"आजपातूर जगलो की," आत्ती म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

तिला रिक्षात बसवून मी औषधं घ्यायला परत आत गेले, तेव्हा डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही सून ना? हे असंच चाललं तर दिवाळीचं मी काही सांगू शकत नाही. त्यांच्या पोटात काहीतरी गेलं पाहिजे. कसं ते तुम्ही बघा."

कसं ते मी बघितलं. त्याचीच ही गोष्ट आहे. तीस वर्षं होऊन गेली, पण ती सांगायला मला अजून जड जातं.

आत्तीच्या नियमाची हकिगत घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त कुणी बोलत नसे. माझं लग्न व्हायच्या चारेक वर्षं आधी गोठ्यातली म्हैस व्याली. रेडकू झालं. मामंजी तेव्हा होते, आणि डेअरी नुकतीच गावात आली होती. कॅन भरायच्या नादात रेडकाला आचळाला लावायचे आणि लगेच ओढायचे. असं महिनाभर चाललं. एका सकाळी आत्ती धार काढायला गेली तर रेडकू दावणीत आडवं पडलेलं. उपासमारीनं मेलं होतं ते, भरल्या गोठ्यात. आत्तीनं धार काढली, कॅन भरला, डेअरीला पाठवला, आणि अंघोळ करून बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, गेली. चातुर्मासासाठी महाराज आलेले होते. त्यांच्यासमोर तिनं जन्मभरासाठी दूध सोडलं. मामंजी खूप रागावले म्हणे. पण पुढं मरेपर्यंत त्यांनी रेडकू आचळापासून कधी ओढलं नाही.

अशा बाईला दूध पी म्हणून कोण सांगणार?

आषाढातली अष्टमी होती. माझ्या नवऱ्याचा, सन्मतीचा वाढदिवस त्याच दिवशी आला होता. मी माहेरची सांगलीची. लग्नाआधी गल्लीतल्या एका गुजराती काकूंकडे आठ दिवस अंड्याशिवायचा केक शिकले होते. शिकले म्हणजे वहीत लिहून आणलं होतं, हात कधी लावला नव्हता. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, मी लिटरभर दूध आटवायला ठेवलं. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, नदीची वाळू चाळून, धुऊन, वाळवून तळाशी पसरली, वर जाळी ठेवली. मैदा, पिठीसाखर, तूप, सोडा, आणि ते आटलेलं दाट दूध. मिश्रण डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि समोर बसून राहिले.

पंचवीस मिनिटांनी वास सुटला. मी स्वयंपाक आवडीनं करणारी बाई नव्हते, खोटं कशाला सांगू. भाकऱ्या थापायच्या म्हणून थापायच्या. पण झाकण उचललं आणि डब्याच्या काठाच्या वर आलेला तो तांबूस फुगवटा बघितला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं हसले. अंडं नाही, भट्टी नाही, आणि पीठ आपल्या पायावर उभं राहिलेलं. आपल्या हातून असं काही होऊ शकतं हे मला चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं.

"कांचन," सोप्यातून आवाज आला. "वास कसला गं?"

मी बाहेर गेले. आत्तीच्या उशाशी सकाळची तांदळाची पेज तशीच होती, वर साय धरल्यासारखी खपली आलेली.

"केक केलाय, आत्ती. ह्यांचा वाढदिवस ना."

"अंडं?"

"छे हो! अंड्याशिवायचा."

ती जराशी उठून बसली. दीड महिन्यात तिनं आपणहून खाण्याचं नाव काढलं नव्हतं. आम्ही चमचे पुढं करायचो आणि ती मान फिरवायची. आता तिच्या डोळ्यांत मला भूक दिसली.

"दूध हाय त्यात?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "नाही."

एवढंच. काही ठरवून बोलले नाही. 'हो' म्हटलं असतं तर ती परत आडवी झाली असती, आणि मला डॉक्टरांचा चेहरा आठवत होता. तिनं एक तुकडा खाल्ला. मग दुसरा मागितला. बोटांना चिकटलेला चुरा वेचून खाल्ला आणि म्हणाली, "सोन्यासारखा हात हाय गं तुझा." लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि तिनं माझं कौतुक केलं ते हे पहिलं.

त्यानंतर मी दिवसाआड केक करायला लागले. आत्ती उन्हं कलायच्या आत, शेवटच्या जेवणाबरोबर, दोन तुकडे खायची. मी तूप वाढवलं, दूध आणखी आटवलं, बदाम घातले. कधी वेलदोडा, कधी जायफळ, कधी पिकलं केळं. कुठली वाळू उष्णता धरते, झाकण कधी उघडायचं नाही, सोडा चिमूटभर जास्त झाला तर चव कशी साबणासारखी होते, हे सगळं मी त्या दोन महिन्यांत शिकले. मनात भीती होतीच. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंद जास्त होता. सकाळी डोळे उघडले की आज केकात काय घालायचं हाच विचार आधी यायचा. पाप करणाऱ्या माणसाला पाप गोड लागू नये असं आपल्याला वाटतं. मला ते फार गोड लागलं.

डेअरीच्या कॅनात दूध कमी पडायला लागलं, तेव्हा सन्मतीनं सोप्यातच विचारलं, "म्हैस आटायला लागली का काय?"

मी म्हणाले, "नाही हो. मी रेडकाला जास्त सोडते."

आत्ती कॉटवरून म्हणाली, "सोडू दे की. शानी हाय पोरगी." आणि माझ्याकडे बघून अशी काही हसली, की मी पाणी तापवायचं निमित्त करून आत निघून गेले.

श्रावणात ती बस्तीपर्यंत चालत जायला लागली. भाद्रपदात वजन एक्केचाळीस भरलं. डॉक्टर म्हणाले, "वा!" तिनं मला न विचारता केकचे तुकडे पदराखाली बस्तीत न्यायला सुरुवात केली होती, हे मला उशिरा कळलं. पायरीवर बसणाऱ्या बायकांना ती वाटायची. त्यातल्या अक्काताई मगदूम तिच्या लहानपणच्या मैत्रीण. त्यांनीही त्या चातुर्मासापुरतं दूध सोडलं होतं. त्यांनी चारदा खाल्ला. आत्ती मला कौतुकानं सांगत होती, आणि मी घासलेलं भांडं पुन्हा घासायला घेतलं.

मग दशलक्षण पर्व आलं. त्या दहा दिवसांत आमच्याकडे कुणी एकवेळ जेवतं, कुणी फक्त पाण्यावर राहतं. आत्ती एकवेळची होती. अक्काताईंनी दहाही दिवस कडक उपास धरला होता. चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आत्ती बस्तीतून आली ती खुशीतच.

"कांचन, परवा सकाळी उपासवाल्या बायकांचं पारणं आपल्या घरात. सांगून आलो मी. मुगाचं पाणी, खजूर, मऊ भात, आन शेवटाला तुझा क्याक."

"केक कशाला, आत्ती? दहा दिवसांच्या उपाशी पोटी..."

"चिमूटभर गं. अक्काताईनं मागून घेतलाय."

चतुर्दशीच्या दुपारी मी करून बघायला बसले. दुधाशिवाय, तुपाशिवाय. मनाशी ठरवलं होतं, हा एक खराखुरा जमवायचा, बायकांना तो द्यायचा, आणि मागचं सगळं पोटात गिळून टाकायचं. शेंगतेल घेतलं, नारळाचं दूध काढलं, सोड्यावर लिंबू पिळलं. पहिला मधेच खचला. दुसरा फुगलाच नाही. तिसऱ्याला गूळ जास्त पडला आणि तो डब्याला असा धरून बसला की उलथन्यानं खरवडून काढावा लागला. तिन्ही ताटात ओळीनं ठेवले होते आणि मी चौथ्यासाठी लिंबू चिरत होते, तेवढ्यात आत्ती दारात येऊन उभी राहिली.

"आज काय झालं गं? रोज तर फुलासारखा हुतोय."

मी लिंबू खाली ठेवलं. आता काहीही सांगता आलं असतं. सोडा जुना आहे, वाळू ओली आहे. ती नक्की विश्वास ठेवणार होती, आणि नेमकं तेच मला सहन होईना.

"आत्ती, रोज त्यात दूध असायचं," मी म्हणाले. "आणि तूप."

ती चौकटीला धरून खाली बसली. मग म्हणाली, "कवापास्नं?"

"आषाढातल्या अष्टमीपासून. पहिल्या दिवसापासून."

"दर खेपंला?"

"दर खेपेला."

"मला कसं कळलं न्हाई?" हे तिनं स्वतःलाच विचारलं. पाच-सहा वर्षांत दुधाची चवच तिच्या जिभेवरून गेली होती. मग एकदम मान वर करून तिनं माझ्याकडे बघितलं. "आन रेडकाला सोडतीस म्हनालीस ते?"

मला वाटलं होतं ती हे विसरली असेल.

"ते पण खोटं," मी म्हणाले.

तेव्हा ती रडली. नियम मोडला त्याला नाही, रेडकाला रडली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, खांदे हलवत. मी जवळ गेले नाही. जायची माझी लायकी नव्हती.

डोळे पुसल्यावर ती म्हणाली, "अगं, पर का केलंस असं?"

"डॉक्टर म्हणाले होते, दिवाळीचं सांगता येत नाही. तुम्ही जायला नको होतात मला." मी पण रडायला लागले होते. "मला माहेरी आई नाही, आत्ती. इथं तुम्हीच आहात."

"मग असं मला तोंडानं सांगायचं हुतंस की," ती म्हणाली. "क्याकात घालून कशाला सांगितलंस?"

ती उठली, तीन केकांतला त्यातल्या त्यात बरा कोणता ते बोटानं दाबून बघितलं, आणि म्हणाली, "उद्याला सकाळी ह्योच कर. ह्या रीतीनं. जसा हुईल तसा."

पारण्याला सात बायका आल्या. सोप्यात पंगत बसली. माझा चौथा केक पहिल्या तिन्हींपेक्षा थोडा बरा होता, इतकंच. तोही विटेसारखाच घट्ट झाला होता. आत्तीनं मुगाचं पाणी वाढायच्या आधीच पंगतीच्या टोकाला उभं राहून हात जोडले.

"बायांनो, तोंडात घास घालायच्या आधी ऐका. श्रावणापास्नं मी तुम्हास्नी जो क्याक दिला त्यात दूध-तूप हुतं. न्हाई म्हनून मी सांगितलं, त्ये खोटं निघालं. जिचा जिचा न्येम हाय, तिचा न्येम माझ्या हातनं मोडलाय. आजच्यात न्हाई. समोर करून घेतलाय."

मग अक्काताई म्हणाल्या, "घातलं कुनी?" आणि त्या माझ्याकडे बघत होत्या.

मी पुढं झाले. तोंड उघडायच्या आत आत्ती म्हणाली, "माझ्या चुलीवर झालं, अक्का. वाटलं मी. म्हंजे मीच घातलं."

"मी घातलं," मी म्हणाले. "आत्तींना ठाऊक नव्हतं. त्यांना कालपर्यंत काहीच..."

अक्काताईंनी पुढचं ऐकलं नाही. दहा दिवस पोटात अन्नाचा कण नसलेली ती म्हातारी भिंतीचा आधार घेत उठली, आणि पाण्याचा घोटही न घेता पायऱ्या उतरून गेली. आत्ती दोनदा "अक्का, अक्का" म्हणाली. बाकीच्या सहाजणी जेवल्या, खाली माना घालून. केकचे तुकडे बहुतेकींनी पानात तसेच ठेवले. आत्तीनं स्वतःच्या पानातला संपवला. तिला तो चावत नव्हता, पाण्याबरोबर गिळावा लागत होता.

महाराजांनी तिला प्रायश्चित्त म्हणून उपास दिले, मलाही दिले. मी ते केले. बिनदुधाचा केक नीट जमायला मला पुढं पाच महिने लागले, आणि जमला तेव्हापासून आजवर मी दुसरा केलेला नाही. माणसं लांबून शिकायला येतात, सोड्यावर लिंबू किती ते विचारतात, मी सांगते. आत्ती त्यानंतर सहा वर्षं जगली. पण तिचं वजन पुन्हा चाळिसाच्या वर कधी गेलं नाही, आणि शेवटची दोन वर्षं ती अंथरुणातच होती. ते दूध चालू राहिलं असतं तर ती आणखी किती जगली असती हा हिशेब मी करत नाही असं लोकांना सांगते. अक्काताई आमच्या उंबऱ्यात पुन्हा आल्या नाहीत. त्या दोघी बस्तीच्या एकाच पायरीवर बसायच्या, दोन टोकांना.

पण मला सांगायचंय ते पारण्यानंतरच्या दिवसाचं, क्षमावाणीचं. त्या दिवशी आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. नवरा बायकोची, सासू सुनेची, भांडलेले शेजारी एकमेकांची. बहुतेकदा ते रिवाजाप्रमाणे होतं. हात जोडायचे, 'उत्तम क्षमा' म्हणायचं, पुढच्या घराकडे वळायचं.

मी रात्रभर शब्द जुळवले होते. बस्तीतून घरी आल्याबरोबर मी आत्तीच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"थांब. आधी मी."

"आत्ती, तुम्ही कशाला? तुम्ही काय केलंय?"

"दूध घातलंस, खोटं बोललीस, त्ये तुझं. त्येचं तू बघ." ती उभी राहिली होती, एका हातानं खुंटीला धरून. "पर घरात माणूस मरायला लागलंय आन सुनंला त्येच्यापुढं खरं बोलायचं भ्या वाटतंय, त्ये माझं. दोन वर्सं तू ह्या घरात वावरलीस, आन मी तुला 'बोल' म्हनून कधी म्हटलं न्हाई. न्येम सांभाळला, तुला सांभाळलं न्हाई."

"तसं नाही हो, आत्ती..."

"तसंच हाय. ऐकून घे."

तिनं खुंटी सोडली आणि दोन्ही हात जोडले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या, इतके ते बारीक झाले होते. डोळे मिटून, बस्तीत मूर्तीसमोर उभी राहते तशी ती माझ्यासमोर उभी राहिली. "कांचन, मला क्षमा कर," ती म्हणाली, आणि तशीच थांबली.

तेव्हा मला कळलं की ती रिवाजाचं मागत नाहीये. तिला उत्तर हवंय, आणि ते मी दिल्याशिवाय ते हात खाली येणार नाहीत. मी पाया पडू पाहिलं, तिनं पडू दिलं नाही. मी "तुम्हीच मला" असं म्हणू लागले, तिनं मान हलवली. तिला फार वेळ उभं राहवत नव्हतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

जिला मी दोन महिने फसवलं त्या बाईसमोर मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "केली, आत्ती. क्षमा केली."